सेवेचे तास सक्तीचे करायचे आहेत? खान्देशातल्या शाळांसाठी, गावाला विचारण्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंत

शाळा सोडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक तास समाजासाठी काम केलेच पाहिजे, असा नियम तुमच्या हायस्कुलात किंवा कनिष्ठ महाविद्यालयात करायचे घाटत असेल, तर हा लेख मुख्याध्यापकांसाठी, हे काम ज्यांच्या गळ्यात पडणार आहे त्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे हवामान, शेतीचे हंगाम आणि बोली डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण पुण्या-मुंबईचे वेळापत्रक इथे चालत नाही.

माझे मत आधीच सांगतो. नियम चांगला आहे आणि तो असावा. पण गावाला काय हवे ते न विचारता सुरू केला, आणि कामाऐवजी नुसते तास मोजले, तर दोन वर्षांत त्याचा सही-शिक्का होतो. मुले ओळखीच्या माणसाकडून पत्र लिहून आणतात, शिक्षक ते फाइलला लावतात आणि ज्यांच्या नावाने सगळे चालले त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

शाळेच्या हातात काय आहे, ते आधी नीट समजून घ्या

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालाला सेवेच्या तासांची अट नाही. म्हणून तास भरले नाहीत या कारणावरून परीक्षेचा फॉर्म अडवणे, हॉल तिकीट रोखणे किंवा दाखला न देणे असले काही मनातही आणू नका. शाळा देऊ शकते ते स्वतःचे प्रमाणपत्र आणि प्रगतिपुस्तकातली नोंद. तेवढे पुरते. अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा विषयाला प्रकल्प करावा लागतो. सेवेचे काम त्या प्रकल्पाला जोडून दिले, तर मुलांना एकाच मेहनतीचा दोन्हीकडे उपयोग होतो आणि पालकांची निम्मी कुरकुर तिथेच थांबते. सीआयएससीई, म्हणजे आयसीएसई परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या शाळांची गोष्ट वेगळी आहे. तिथे दहावीला समाजोपयोगी उत्पादक कार्य आणि समाजसेवा यांची श्रेणी मिळवावीच लागते.

बाहेर ही सक्ती कशी आहे तेही माहीत असावे, पालकसभेत कोणीतरी विचारतेच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९२ साली संपूर्ण राज्यासाठी हा नियम केला. तिथे हायस्कूल पूर्ण करायला ७५ तास लागतात, आणि ते वर्गातल्या अभ्यासाशी जोडूनही पूर्ण करता येतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९९९ पासून ४० तास आहेत. पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेम इथल्या शाळांनी ६० तासांचा नियम केला, तेव्हा काही पालक कोर्टात गेले. ही वेठबिगारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अपील कोर्टाने १९९३ मध्ये ते फेटाळले.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० म्हणजे दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. पण तिथे मूल स्वतःहून नाव नोंदवते. जे हौसेने आले त्यांचे १२० तास आणि ज्यांना आणले त्यांचे १२० तास सारखे नसतात, म्हणून सक्तीचा आकडा लहानच ठेवा.

माझा आकडा ४० आहे. नववीला २० आणि अकरावीला २०. दहावी-बारावीला शून्य. बोर्डाच्या वर्षात मुले मनाने कुठेच नसतात, आणि त्या वर्षात लादलेले काम खोट्या नोंदींना आमंत्रण देते. शिवाय आपल्याकडे दहावीनंतर निम्मा वर्ग दुसऱ्या गावाला जातो, त्यामुळे नववीचा हिशेब नववीतच मिटलेला बरा.

वेळापत्रक हंगामावर बसवा

ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणीचे दिवस असतात. दिवाळीच्या सुट्टीत आपली किती मुले वेचणीला जातात हे प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक आहे. त्याच सुमाराला नंदुरबार आणि साक्रीकडची, चाळीसगावकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात, काही दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जातात. या काळात सेवेचे तास ठेवू नका. ठेवले, तर ज्या मुलाला घरासाठी राबावेच लागते तो नियम मोडणारा ठरतो आणि ज्याच्या घरी ट्रॅक्टर उभा आहे त्याला शाबासकी मिळते. हा अन्याय शाळेने स्वतःच्या हाताने करू नये.

मी असे बसवीन: शनिवारी सकाळची शाळा असते, तिचे शेवटचे दोन तास. जुलै ते सप्टेंबर पाच शनिवार, जानेवारी ते मार्च पाच शनिवार. दहा वेळा दोन तास, झाले वीस. सगळे शाळेच्या वेळेत बसते, त्यामुळे मजुरीला जाणारे मूलही सुटत नाही आणि बुडतही नाही. शाळेबाहेरच्या वेळेत कोणी जास्त केले तर त्याची नोंद जरूर घ्या, पण ती अट करू नका. अकरावीचे प्रवेश लांबतात, तेव्हा तिथे पहिले सत्र ऑगस्टअखेर सुरू होईल असे धरून चला आणि उरलेले जानेवारीनंतर घ्या. श्रावणात कानबाईचा सण, मग पोळा, हे दिवस आधीच वगळा. त्या दिवशी मुलांना बोलावून कोणाचेच भले होत नाही.

मार्चपासून सकाळी अकरा ते चार उन्हात काहीही नाही. जळगाव-भुसावळचे एप्रिल-मे महिने ज्याने काढले आहेत त्याला कारण सांगायला नको. मार्चमध्ये शाळा सकाळची असते, तेव्हा मैदानी काम पहिल्या तासांना घ्या आणि वर्गातले नंतर.

गावाला विचारा, आणि वहीत लिहून घ्या

जून संपायच्या आत दोन शिक्षक आणि सात-आठ विद्यार्थी एवढ्यांनी गावात फिरावे. मोठा लवाजमा नको. भेटायचे कोणाला? ग्रामसेवक आणि सरपंच तर आहेतच, पण खरी यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेकडे असते. कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, कोणाचे पोर शाळेत येत नाही, कोणत्या पाड्यावर हातपंप बंद आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. पोस्टमन, रेशन दुकानदार आणि बँकेच्या दारातला शिपाई यांनाही विचारा. बँकेत कोण किती वेळ ताटकळते ते शिपाई रोज बघतो.

विचारताना ‘आम्ही काय करू?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘झाडे लावा, गाव झाडा.’ लोकांना वाटते शाळेला तेच हवे आहे. त्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात कोणते काम कोणी मदतीला नव्हते म्हणून अडले?’ असे विचारा. मग बोलणे सुरू होते. जे ऐकाल ते बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्या.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे उदाहरण मी शिक्षकांना नेहमी देतो. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने जंगल राखले, त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथले नियम गावाने स्वतः केले आणि स्वतः पाळले, म्हणून ते टिकले. शाळेने गावात शिरताना एवढे ध्यानात ठेवावे की गावाला स्वतःची अक्कल आहे आणि आपण त्याच्या कामाला हात लावायला आलो आहोत.

काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही

न मोजायच्या कामांची यादी आधी करा आणि ती पालकसभेत मोठ्याने वाचा. संस्थाचालकांच्या घरचे, शेतातले किंवा कार्यक्रमाचे काम नाही. कोणत्याही पक्षाचा मेळावा, प्रचार, स्वागताची रांग नाही. खासगी दवाखाना, दुकान, क्लास यांचे काम नाही. देणगी, वह्या, रोपे, पैसे देऊन तास भरता येणार नाहीत. आणि ज्या कामाला मजूर लावून मजुरी द्यावी लागली असती ते काम मुलांकडून फुकटात करून घ्यायचे नाही. रस्त्याकडेची चारी खोदणे हे रोजगार हमीतले काम आहे, ते मुलांनी केले तर गावातल्याच कोणाचा तरी रोज बुडतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहितो, कारण ती कोणी लिहीत नाही. सफाईचे काम जातीवरून वाटले जाते. मुद्दाम ठरवून नाही, सवयीने. संडासाची पाळी आली की अमक्या वस्तीतल्या मुलांची नावे आधी पुकारली जातात. संविधानाचे २३ वे कलम वेठबिगारीला बंदी घालते, आणि सार्वजनिक हितासाठी राज्याने सक्तीची सेवा लावली तरी तिच्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेद करता येणार नाही असे त्याच कलमात सांगितले आहे. शाळेनेही हीच मर्यादा स्वतःला लावून घ्यावी. पाळ्या हजेरीपटाच्या क्रमांकाने लावा, तक्ता भिंतीवर चिकटवा, आणि पहिल्या पाळीला मुख्याध्यापकांनी व वर्गशिक्षकांनी स्वतः झाडू हातात घ्यावा. अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत असत. तो वारसा ज्या जिल्ह्याचा आहे, तिथल्या शिक्षकाला हे जड जाऊ नये. मुलींच्या वाट्याला फक्त रांगोळी, स्वागत आणि स्वयंपाक, मुलांच्या वाट्याला बाहेरचे काम, हेही याच पठडीतले. तेही मोडा.

आता मोजायची कामे. दहा-पंधरा प्रकार काढू नका. एका शाळेला तीन-चार पुरेत, आणि त्यांतून विद्यार्थ्याला निवडू द्या. नियम सक्तीचा असला तरी काम त्याने निवडलेले असले, की तो वेगळ्या मनाने येतो. मला जी चार कामे आपल्या भागात सर्वांत उपयोगी वाटली ती सांगतो.

*विहिरीची पाणीपातळी मोजणे.* हे माझे सर्वांत आवडते काम, कारण त्यातून शास्त्र शिकता येते आणि गावाला आकडा मिळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पण त्या निवडक विहिरी असतात, प्रत्येक गावची विहीर त्यांत नसते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेले आहेत ते घरोघरी बोलले जाते, पण आपल्या विहिरीचे दहा वर्षांचे आकडे कोणाकडे आहेत? शाळेकडे असू शकतात.

पद्धत अशी. कठडा पक्का आणि कमरेच्या वर आहे अशाच सार्वजनिक विहिरी निवडा. कठड्यावर ऑइल पेंटने एक बाण काढा, दरवेळी तिथूनच मोजायचे. फायबरची मोजपट्टी घ्या, टोकाला लोखंडी वजन बांधा. सुती दोरी नको, ती भिजली की लांबी बदलते. वजन पाण्याला टेकले की पृष्ठभागावर तरंग उठतात, तेव्हा पट्टी ताठ धरून बाणाजवळचा आकडा वाचा. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा. मग त्यातून कठड्याची उंची वजा करा. पट्टीवर ९.४० मीटर आले आणि कठडा १.१० मीटर असेल, तर जमिनीपासून पाणी ८.३० मीटरवर आहे. मोजणी सकाळी लवकर करा आणि आदल्या रात्री पंप चालला होता का ते विचारून लिहा. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी अजून पाळीने येते. रात्रभर उपसा झालेल्या विहिरीचा आकडा आणि विसावलेल्या विहिरीचा आकडा एकाच ओळीत बसवले, तर सगळा तक्ता चुकतो. विहिरीजवळ एका वेळी तीनच विद्यार्थी आणि एक शिक्षक, बाकीचे दहा पावले मागे. हा नियम मोडायचा नाही.

*बँकेतली मदत.* निराधार योजनेचे, पेन्शनचे पैसे काढायला आलेली म्हातारी माणसे स्लिप कोण भरून देईल म्हणून दाराशी उभी असतात. कधी कोणी भरून देतो, कधी त्याचेही वीस-तीस रुपये घेतो. नववीचे मूल हे काम उत्तम करते. पासबुकाच्या पहिल्या पानावरचा खाते क्रमांक एकेक आकडा बोटाने दाखवत उतरवायचा, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची, मग ती मोठ्याने वाचून दाखवायची. आजीला अहिराणीत विचारायचे, ‘कितला पैसा काढाना शेतस, माय?’ आणि ती सांगेल तेवढेच लिहायचे. ‘माय’ म्हटल्याबरोबर तिचा चेहरा सैल होतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. सही किंवा अंगठा तिचा, खिडकीशी ती स्वतः जाणार, पैसे तीच मोजून घेणार. विद्यार्थ्याने पैशाला हात लावायचा नाही. पिन विचारायचा नाही, ओटीपी बघायचा नाही, आधारचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढायचा नाही. मोबाइल शाळेतच ठेवून जायचे. शाखाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे तक्ता करताना विसरू नका.

*लहानांना वाचायला शिकवणे.* जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीची मुले घरी अहिराणी, भिली, पावरी, तावडी, गुजर बोली बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर ही दरी फार मोठी आहे. तिथे पावरी बोलणारा नववीचा विद्यार्थी जे करू शकतो ते परगावाहून बदलून आलेला शिक्षक पहिल्या वर्षी करू शकत नाही. एका विद्यार्थ्याला दोनच मुले द्या आणि दहाही आठवडे तीच ठेवा. चित्र दाखवायचे, लहान मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू द्यायची, मग तीच गोष्ट पुस्तकातल्या भाषेत वाचायची. अर्धा-पाऊण तासाच्या वर ताणू नका, उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्याचे कार्ड तयार करू द्या. ज्या मुलाची बोली वर्गात हसण्यावारी नेली जाते, तोच इथे सर्वांत कामाचा ठरतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे काम यादीत हवे.

*झाडे जगवणे.* लावणे नाही, जगवणे. जुलैत खड्डा, रोप आणि फोटो हे आपल्याकडे दरवर्षी होते आणि एप्रिलमध्ये त्या जागी काडी उरते. दोन विद्यार्थ्यांमागे एकच झाड द्या, आणि पाण्याची सोय जिथे पायी पोहोचण्याजोगी आहे तिथेच लावा. रोपाच्या बाजूला मडके पुरा, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात बसवा, तोंडावर खापर ठेवा. पाणी हळूहळू मुळाशी जाते आणि वाफ होऊन उडत नाही. लावण्याच्या दिवसाचा एकच तास द्या, बाकीचे तास फेब्रुवारी-मार्चच्या पाण्याच्या पाळ्यांचे. झाड जगले की नाही यावर तास अडवू नका, शेळीने खाल्ले तर त्यात मुलाचा दोष नाही. पाळी पाळली का, एवढेच बघा. एप्रिल-मेची पाळी कोण घेणार हे मात्र मार्चमध्येच ठरवा. ज्याच्या अंगणासमोर झाड आहे त्या घरालाच विचारलेले सर्वांत चांगले.

दवाखान्यातली मदत अनेक शाळा सुचवतात. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत मदत करणे, खोली दाखवणे इथपर्यंत ठीक. पण बोली येते म्हणून अल्पवयीन मुलाला डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभे करू नका. आजाराची खासगी गोष्ट त्याच्या कानावर पडते आणि चूक झाली तर तिचा भार त्याच्यावर येतो.

पालकसभा

संमतीपत्र एका पानाचे असावे: कोणते काम, कुठे, किती ते किती, बरोबर कोण, जाणे-येणे कसे. मुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न जाण्या-येण्याचाच असतो. ग्रामीण भागातल्या मुलींना घर ते शाळा या मार्गावर एसटीचा मोफत पास मिळतो, तेव्हा कामाची जागा त्याच मार्गावर किंवा शाळेपासून पायी अंतरावर ठेवा आणि परतीची नेहमीची बस चुकू देऊ नका. बस चुकली की पुढच्या शनिवारी ती मुलगी येत नाही, आणि दोष नियमावर जातो.

‘आमचे पोर आधीच घरी राबते, आणखी काय सेवा?’ असे कोणी म्हणेल. त्या पालकाला मान द्या. ते खरे बोलत आहेत. त्यांना सांगा की सगळे तास शाळेच्या वेळेत आहेत, एक दिवसाचाही रोज बुडणार नाही. आई आजारी आहे, लहान भावंडे सांभाळावी लागतात, अशा मुलांचे तास वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक मिळून कमी करू शकतील अशी सूट नियमातच लिहा, आणि तिचे कारण वर्गात वाचून दाखवू नका. दिव्यांग विद्यार्थ्याला मात्र सरसकट सूट देऊन बाजूला बसवू नका. त्याला विचारा, त्याला जमेल ते काम तोच सांगेल.

सुरक्षेचे थोडक्यात

प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसे, त्यांतली एक बाई. कोणाच्याही घरात विद्यार्थ्याने एकट्याने जायचे नाही. १४ वर्षांखालचे मूल गटात असेल तर त्याला वाचनाचेच काम द्या. पावसाळ्यात गवतात, दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालायचा नाही. साप चावला तर जखमेला चिरा नको, मांत्रिक नको, चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. प्रथमोपचार पेटी, ओआरएसची पाकिटे, पाण्याचा जार. मुलांना १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक माहीत हवा, आणि कोणी त्रास दिला तर कोणत्या शिक्षिकेला सांगायचे तिचे नावही.

फोटोबद्दल एक विनंती. मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा एकही फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकू नका. पासबुक हातात धरून उभ्या असलेल्या म्हातारीने तुमच्याकडे अक्षर मागितले होते, तिचा फोटो तिने दिलेला नाही. विहिरीचा, मोजपट्टीचा, मडक्याचा फोटो खुशाल काढा.

नोंद कशी ठेवायची

छापील फॉर्म टाळा. दोनशे पानी साधी वही, वर्गाची एक आणि प्रत्येक गटाची एक. प्रत्येक वेळच्या नोंदीत तारीख, जागा, सुरू आणि संपल्याची वेळ, काय केले, काय अडले आणि पुढच्या वेळी काय न्यायचे. शेवटच्या दोन गोष्टींतच खरे-खोटे कळते. ‘बँकेत मदत केली. खूप आनंद झाला’ ही ओळ कोणीही घरी बसून लिहू शकते. चांगली नोंद अशी दिसते:

‘शनिवार, पावणेअकरा ते पाऊण. सात स्लिपा भरल्या. एका आजीचे पासबुक भरून गेले होते, नवीन लागेल असे खिडकीवर सांगितले, त्यांना नातवाबरोबर सोमवारी यायला सांगितले. एका बाबांना अक्षरी लिहिलेली रक्कम दिसत नव्हती म्हणून दोनदा वाचून दाखवली. निळे पेन संपले. पुढच्या वेळी दोन पेन आणि भिंग नेणे. सोमवारी आजी आल्या का ते शिपाईकाकांना विचारणे.’

खाली सही दोघांची: बरोबरच्या शिक्षकाची आणि ज्यांच्याकडे काम झाले त्यांची. अंगणवाडी सेविका, शिपाईकाका, पहिलीच्या बाई, कोणीही. शिक्का नको. शिक्का आला की लोक वाचायचे सोडतात. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा कोणत्याही दोन नोंदी निवडून त्या जागी फोन करावा किंवा स्वतः जाऊन यावे. एवढी तपासणी होते हे मुलांना कळले की खोट्या नोंदी आपोआप आटतात.

पाच शनिवारांनंतर एक तास बोलण्याचा

हा तास तासांतच धरा. पहिल्या सत्राच्या शेवटी वर्ग गोलात बसवा आणि अनुभव सांगा म्हणू नका, प्रश्न विचारा. बँकेत इतकी माणसे स्लिपसाठी का थांबतात? त्यांच्या लहानपणी शाळा किती लांब होती? मुली शाळेत का गेल्या नाहीत? ऑगस्टमध्ये भरलेली विहीर मार्चमध्ये कुठे गेली, आणि बाजूच्या शेतात काय पिकते? हातपंप दुरुस्त करणे कोणाचे काम आहे, आणि ते होत नसेल तर अर्ज कुठे द्यायचा? तो अर्ज वर्गाने मिळून लिहावा आणि पोहोच घेऊन यावी. एखाद्या वर्षी नुसत्या अर्जानेच झाडांपेक्षा जास्त काम होते. आपण मदत केली म्हणून समोरचा लहान झाला, असे कोणाच्या बोलण्यात आले तर तिथेच थांबवा आणि त्यावर बोला, कितीही वेळ गेला तरी.

तास भरले नाहीत तर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यादी काढा. ज्यांचे चार तासांपर्यंत राहिले त्यांना दोन जादा शनिवार द्या. ज्यांचे निम्म्याहून जास्त राहिले त्यांच्या घरी वर्गशिक्षकांनी जावे. बहुतेक वेळा तिथे स्थलांतर, आजारपण किंवा लवकर ठरलेले लग्न असते, आणि शाळेला ते कळणे तासांपेक्षा महत्त्वाचे असते. मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि लग्न ठरत असेल तर तो विषय सेवेच्या वहीत बसत नाही, १०९८ ला कळवा. केवळ टाळाटाळ असेल तर प्रगतिपुस्तकात ‘अपूर्ण’ लिहा, दंड घेऊ नका, आणि अकरावीत भरून काढण्याची वाट मोकळी ठेवा. दहावीनंतर शाळा बदलणाऱ्याला झालेल्या तासांचे पत्र दाखल्याबरोबरच द्या.

गावाला हिशेब

२६ जानेवारी आणि १ मे या दिवशी ग्रामसभा होते. ग्रामसेवकांशी आधी बोलून दहा मिनिटे मागून घ्या. विद्यार्थ्यांनी स्वतः उभे राहून वाचावे: अमक्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी इतक्या मीटरवर, मार्चमध्ये इतक्यावर. इतकी मुले वाचायला लागली, इतकी अजून लागली नाहीत. हा अर्ज दिला, ही पोहोच, उत्तर आलेले नाही. भाषण नको, आभार नको. वाचलेल्या कागदाची प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि इतिवृत्तात नोंद व्हावी असे सांगा. लोक आकड्यावर वाद घालतील. घालू द्या, विद्यार्थ्यांजवळ वही असेल.

वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, मुख्याध्यापकांच्या कपाटात नाही. जूनमध्ये नवी नववी आली की पहिल्या शनिवारी आधीच्या तुकडीतले चार जण बोलवा. त्यांनी बाण कुठे काढला आहे ते दाखवावे, कोणत्या आजी कोणत्या महिन्यात येतात ते सांगावे आणि मोजपट्टी, भिंग, उरलेली मडकी सही घेऊन नव्या गटाच्या ताब्यात द्यावीत.